खाल्ल्या मिठाला किती वर्षं जागायचं?

एप्रिलात इन्क्रिमेंटची पत्रं वाटली जातात आणि मे उजाडला की या सदराकडे नोकरीची पत्रं वाढतात, हे दर वर्षीचंच. यंदा मात्र पगार पुरत नाही ही तक्रार कमी आणि "सोडून गेलो तर मी बेइमान ठरतो का" हा प्रश्न जास्त. गोव्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण इथला मालक कोणी परका नसतो, तो जत्रेत भेटतो, बहिणीच्या लग्नात जेवून गेलेला असतो, त्याच्या आणि आपल्या आजोबांची ओळख असते आणि राजीनामा द्यायचा म्हणजे निम्म्या गावाला उत्तर द्यावं लागतं. पत्रं लांब होती, थोडी कापली आहेत, नावं अर्थातच नाहीत.

प्रश्न: ताई, मी म्हापशात एका डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स बघते, ११ वर्षं ८ महिने झाले. आम्ही सगळे मिळून १४ जण. शेठ माणूस म्हणून चांगले आहेत, बाबांना बांबोळीला ॲडमिट केलं तेव्हा न मागता १ लाख रुपये हातात ठेवले, ते मी पगारातून फेडले पण त्यांनी एक रुपया व्याज घेतलं नाही. आता पर्वरीला एका कंपनीत महिना १४ हजार जास्त मिळतायत. शेठना सांगितलं तर म्हणाले "तू घरचीच पोर, घरची माणसं घर सोडून जातात का?" वहिनी तर दोन दिवस बोलल्याच नाहीत. ग्रॅच्युइटीचं विचारलं तर म्हणाले, आपल्याकडे पीएफ नाही मग ग्रॅच्युइटी कुठली, आणि ती रिटायर होणाऱ्यांना असते. मला झोप नाही. मी चुकतेय का?
— गोंधळलेली, म्हापसा

उत्तर: बाय, आधी पैशाचं बोलूया, भावनेचं मग. आकडे एकदा कागदावर आले की निम्मी भावना आपोआप हलकी होते असं मी बघितलंय.

शेठ म्हणतात ते चूक आहे, मुद्दाम म्हणतात की त्यांना माहीतच नाही ते तू ओळख, पण चूक आहे. पीएफ साधारण २० माणसं असली की लागतो आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना वर्षांच्या हिशोबाने मिळणारी एकरकमी रक्कम, १० माणसांपासून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. तुम्ही १४ जण, म्हणजे पीएफ नसला तरी ग्रॅच्युइटी आहेच. आणि ती फक्त रिटायर होणाऱ्यांना नाही, सलग ५ वर्षं पूर्ण केलेला कोणीही राजीनामा देऊन गेला तरी ती त्याची. हिशोब असा की शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुझी ११ वर्षं ८ महिने ही १२ वर्षं झाली. तू पत्रात बेसिक २२ हजार लिहिलायस, तर आकडा येतो साधारण १ लाख ५२ हजार ३००. नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत ते द्यायला हवेत. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, त्यामुळे कोणी "तो कायदा आता गेला" असं सांगितलं तर घाबरू नकोस, १५ आणि २६ चं गणित तेच आहे. नाहीच दिले तर पणजीला पाट्टोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, पण मला वाटतं तुला तिथपर्यंत जावं लागणार नाही, शेठच्या सीएला एक फोन केला तर तोच शेठना समजावेल.

आता ते १ लाख. शेठनी तेव्हा जे केलं ते खरंच मोठं होतं, त्यात खोट काढू नकोस, नोकरी सोडायची म्हणून आता त्यांना वाईट ठरवायची काही गरज नाही (हे लोक फार करतात, सोडायला मन तयार व्हावं म्हणून समोरच्याला आधी राक्षस करायचं). पण तू ते पैसे फेडलेस. मूळ रक्कम परत केलीस. आणि आता महिन्याला १४ हजार सोडून तिथे राहिलीस तर वर्षाचे १ लाख ६८ हजार सोडतेस, म्हणजे फेडून झालेल्या १ लाखावर तू दर वर्षी मुदलापेक्षा जास्त व्याज भरणार. असं व्याज कुठला सावकारसुद्धा घेत नाही. शेठनाही मनात कुठेतरी हे कळत असणार, म्हणून तर त्यांनी आकड्याला आकड्याने उत्तर दिलं नाही. "१४ नाही जमत पण ७ वाढवतो, थांब" असं म्हणाले असते तर मी तुला दोन दिवस विचार कर म्हटलं असतं. ते म्हणाले "घरची पोर".

बरं, घरची. मग मला सांग, दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवं गोडाऊन घेतलं असं तू लिहिलंयस, त्या वर्षी घरच्या पोरीला किती वाढ मिळाली? घरच्या माणसाला वाटणी असते, भांडायचा हक्क असतो, उशिरा उठायची मुभा असते. तुला यातलं काय आहे? घर फक्त तू जायला निघालीस तेव्हाच आठवलं.

उपकार आणि पगार यांची खाती वेगळी ठेव, तू अकाउंट्सवाली आहेस, तुला हे मी काय सांगू. उपकाराचं खातं माणसाशी असतं, ते उद्याही चालू राहील, शेठच्या घरी कोणी आजारी पडलं तर तू धावत जा, चवथीला दर्शनाला जा, वहिनींचा रुसवा तोपर्यंत गेलेला असेल. पगाराचं खातं कामाशी असतं आणि ते महिन्याच्या महिन्याला टॅली व्हायला हवं.

सोडायचं मात्र नीट. मार्च क्लोजिंग झालंय ही चांगली वेळ आहे, जीएसटीचे रिटर्न तुझ्याशिवाय कोणाला भरता येत नसतील तर आत्तापासून कोणाला तरी शेजारी बसव, पार्टीवाइज उधारीची यादी, बँकेचे लॉगिन, कुठल्या दुकानदाराचा चेक कुठल्या तारखेला टाकायचा असतो आणि कोणाला आधी फोन करावा लागतो हे सगळं एका वहीत लिहून दे. ठरलेल्या नोटिशीपेक्षा पंधरा दिवस जास्त थांबता आलं तर थांब. नव्या ठिकाणी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय इथे लेखी काही देऊ नकोस, आणि तिथे बेसिक किती आणि भत्ते किती ते बघ, १४ हजार जास्त म्हणजे हातात १४ जास्त नव्हे, तिथे पीएफ कापला जाईल.

चुकत नाहीयेस.

प्रश्न: माझी सगळी नोकरी एका खाणीवर गेली, डंपर वर्कशॉपला होतो. एक मालक, एक गेट, एक युनिफॉर्म. मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे, सहा वर्षांत ही त्याची चौथी कंपनी. परवा म्हटलं अरे एका जागी मूळ धर, तर म्हणतो, "बाबा तुमच्या लॉयल्टीचं काय झालं ते मी बघितलंय." फार लागलं. आजच्या पोरांना कशाचीच चाड नाही का?
— एक निवृत्त कामगार, डिचोली

उत्तर: भाऊ, लागणारच. पण त्याने ते तुम्हाला हिणवायला म्हटलं असं मला नाही वाटत, तो स्वतः काय बघून मोठा झाला ते सांगत होता.

हिशोब करा. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, तेव्हा तो दहावीच्या आसपास असेल. मग २०१४ च्या एप्रिलात कोर्टाने मर्यादा घालून परवानगी दिली, पुन्हा सुरू होतंय सुरू होतंय म्हणत सगळे थांबले, थोडं सुरू झालंही, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लिजा रद्द झाल्या, मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं बंद. तेव्हा तो कॉलेज संपवत असेल. म्हणजे या पोराची जी वर्षं माणूस घडायची असतात ती सगळी डिचोलीत कोणाचा ट्रक बँकेने उचलला, कोणाला अर्ध्या पगारावर घरी बसवलं, कोणाचं बार्जवरचं काम गेलं, कोणी गॅरेज बंद करून मुंबईला गेलं याच गप्पा ऐकत गेली. ज्यांनी बेकायदा काढलं त्यांच्यावर कोर्टाचा राग होता आणि तो योग्यच होता, पण वर्कशॉपमध्ये ग्रीस लावणाऱ्या माणसाने काय केलं होतं? त्याने तर इमानाने ड्युटी केली. पोराने हे बघितलं आणि त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला.

मी एका कारखान्यात पर्सोनेल डिपार्टमेंटला होते, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा यादी मी टाईप केली होती. नाव, जॉइनिंग डेट, डिपार्टमेंट, बेसिक, देय रक्कम. कोण रात्रीचा फोन आला की स्कूटर काढून येत होता, कोणी पुराच्या पाण्यातून येऊन पंप चालू ठेवला, याचा रकाना त्या कागदात नव्हताच, आणि तो टाकावा असं त्या खोलीत कोणालाही वाटलं नाही, मलासुद्धा नाही. एक गोष्ट मात्र खरी की कायद्याने जुन्याला थोडं झुकतं माप आहे, त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो, आणि भरपाई प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची असते, म्हणजे वर्षं साठली तर हातात काहीतरी पडतं. पण ते वर्षांचं मोल झालं, तुमच्या जीव लावण्याचं नव्हे.

तरी तुमची निष्ठा फुकट गेली असं मी म्हणणार नाही, कारण ती नुसती मालकाशी कधी नव्हतीच. तुम्हीच लिहिलंय की नाईट शिफ्टला डंपरचा ब्रेक तपासल्याशिवाय तुम्ही सोडत नव्हता, मग ड्रायव्हर कितीही घाई करो. ते मालकासाठी करत होता? ते त्या ड्रायव्हरसाठी होतं, आणि स्वतःच्या हातासाठी. मालक कोर्टात हरला किंवा जिंकला तरी ते राहतं. मुलाला हेच विचारा, की बाबा रे, कंपन्या बदल, पण अर्धवट बॅच टाकून, रेकॉर्डवर मागच्या तारखेच्या सह्या मारून तर पळत नाहीस ना? कामात पक्का असेल तर चार काय, सहा कंपन्या होऊ देत. कामातही तसाच असेल तर काळजी करा, आणि ती काळजी निष्ठेची नव्हे, दुसरीच.

आणि त्याला माझ्याकडून पैशाचं दोन वाक्यांत सांगा, कारण उड्या मारणाऱ्या पोरांचं नुकसान इथे होतं. दर दोन वर्षांनी बदललं की ५ वर्षांची ग्रॅच्युइटी एकाही ठिकाणी पूर्ण होत नाही, चार कंपन्या आणि ग्रॅच्युइटी शून्य (कॉन्ट्रॅक्टवर ठरावीक मुदतीसाठी घेतलं असेल तर नव्या संहितेत १ वर्षावर मिळते, ते त्याने आपल्या लेटरमध्ये बघावं). दुसरं म्हणजे पीएफ काढून बाईक घेऊ नये, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करत राहावं, कारण पेन्शन मिळायला एकूण १० वर्षांची सेवा लागते आणि मधेच काढून घेतलं तर ती मोजणी तुटते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तो स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकू शकतो, त्यासाठी एचआरच्या पाया पडायची गरज नाही.

प्रश्न: माझं मांद्र्याला छोटं रेस्टॉरंट आणि वर आठ खोल्या. पोरं ओडिशा, झारखंड, नेपाळची. शिकवायचं आपण, आणि ऐन २४ डिसेंबरला बाजूच्याने ३ हजार जास्त दिले की रात्रीत गायब. यंदा कुकसुद्धा गेला. आता ठरवलंय की येतानाच ओरिजिनल सर्टिफिकेटं आणि एक महिन्याचा पगार ठेवून घ्यायचा. इमान राहिलंच नाही हो.
— वैतागलेला व्यावसायिक, पेडणे तालुका

उत्तर: सर्टिफिकेट ठेवून घेऊ नका. पगार अडवून ठेवू नका. पहिल्याला कुठल्याही कायद्याचा आधार नाही आणि दुसरं तर सरळ कायद्याच्या विरुद्ध आहे, नव्या वेतन संहितेप्रमाणे माणूस गेला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार चुकता करायचा असतो. हे आधी सांगून टाकलं.

आता मला सांगा, ३१ मेला तुम्ही काय करता? पाऊस लागतो, शॅक उतरतात, खोल्या रिकाम्या, आणि तुम्ही त्या पोराला म्हणता "चल, ऑक्टोबरला फोन करतो." जून ते सप्टेंबर तो गावी काय खातो ते तुम्हाला माहीत नाही, माहीत असायची तुमच्यावर सक्तीही नाही, ठीक आहे. पण मग डिसेंबरात त्याने ३ हजारांसाठी उडी मारली तर त्याने तेच केलं जे तुम्ही मेमध्ये केलंत, गरज होती तोवर हात धरला. तुम्ही त्याला चार महिने सोडता, त्याने तुम्हाला दहा दिवस सोडलं. रागावू नका, मी तुमच्याच बाजूने बोलतेय, कारण तुमचं नुकसान खरं आहे, नाताळात कुक गेला की किचन पांगळंच होतं.

पण इमान मागायचं असेल तर त्याला काहीतरी धरून ठेवायला द्यावं लागतं. मला माहीत असलेल्या एका कुटुंबाचं कळंगुटच्या बाजूला असंच छोटं हॉटेल आहे, त्यांच्याकडे पोरं वर्षानुवर्षं परत येतात, त्यांनी काय केलंय ते सांगते. सीझन पूर्ण केला की शेवटी एक ठरलेली रक्कम, ती आधीच कागदावर लिहून दिलेली, आणि त्यातला मोठा भाग ५ जानेवारीला, म्हणजे नाताळ आणि नवं वर्ष पार पडल्यावर. कुक आणि एका जुन्या वेटरला पावसाळ्यात अर्धा पगार, त्या काळात रंगकाम, गळती, भांड्यांची कल्हई, जे निघेल ते. बाकीच्यांना जाताना परत यायची तारीख आणि येतानाचं ट्रेनचं तिकीट. टिप्सचा डबा सगळ्यांसमोर उघडतात आणि सगळ्यांसमोर वाटतात, हे पैशाइतकंच महत्त्वाचं, कारण टिप्समध्ये मालक हात मारतो हा संशय एकदा आला की पोरगं मनाने गेलेलंच असतं, पायाने नाताळात जातं. आणि स्टाफ रूम. पत्र्याखाली सहा जण, एक पंखा, संडासाला शेताकडे, असं ठेवून इमानाची अपेक्षा करणारे मालक मी आपल्या गोव्यात भरपूर बघितलेत. तुमची रूम कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत.

२० माणसं भरत असतील तर बोनसही लागतो, ते वेगळंच. तुमची तेवढी नसावीत.

प्रश्न: पणजीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत १४ महिने झाले. जॉइन होताना २ वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर २ लाख. ट्रेनिंग म्हणजे दोन आठवडे यूट्यूबचे व्हिडिओ दाखवले. शिवाय लिहिलंय की सोडल्यावर १ वर्ष याच क्षेत्रात काम करायचं नाही. टीम लीड म्हणतो "लॉयल्टी इज एव्हरीथिंग". पैसे भरावे लागतील का?
— अडकलेला, ताळगाव

उत्तर: सोडल्यावर वर्षभर त्या क्षेत्रात काम करायचं नाही, हे कलम जवळजवळ रद्दीच समज. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची यादी चोरून नेलीस तर मात्र तो दुसरा विषय, ते करू नकोस.

२ लाखांचं एवढं सोपं नाही. मित्र तुला सांगतील की बाँड भारतात चालतच नाही, ते खरं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांच्या आधी सोडल्याबद्दलचा २ लाखांचाच बाँड ग्राह्य धरला. पण ती सरकारी बँक, जाहिरात देऊन भरती करणारी, माणूस मधेच गेला की पुन्हा सगळी भरती करायचा खर्च, आणि ज्याने सोडलं तो मोठ्या हुद्द्यावर होता, हे सगळं कोर्टाने बघितलं. तुझ्या कंपनीने काय खर्च केला? करार मोडल्याची भरपाई ही वाजवी असायला हवी, कागदावर लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, आणि दोन आठवड्यांच्या यूट्यूबला २ लाख हे पटवून देणं त्यांनाही जड जाईल. त्यांना ईमेल करून ट्रेनिंगवर काय खर्च झाला त्याचा तपशील माग, नम्रपणे माग, वाटाघाट होते. कोरा चेक दिला असशील तर मात्र आधी वकिलाला भेट, मग राजीनामा. १० महिने राहिलेत, काम शिकायला मिळत असेल तर काढणं हाही एक मार्ग आहे, मान खाली घालून नव्हे, हिशोब करून.

आणि टीम लीडला विचार, त्याची ही कितवी कंपनी.

प्रश्न: मी मडगावात एका जुन्या छापखान्यात लहानपणीच लागलो, केस पांढरे झाले. पगार फार नाही. भाचे-पुतणे हसतात, म्हणतात मामा तुम्हाला मालकाने गुंडाळला. मला मशीनचा आवाज आवडतो, मालक आवडतो, पाच मिनिटं चालत गेलं की काम. मी मूर्ख आहे का?
— कंपोझिटर, मडगाव

उत्तर: मुळीच नाही. हसणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या कामाचा आवाज आवडतो ते विचारा.

फक्त एक गोष्ट पारखून बघा. उद्या जायचं ठरवलंत तर जाता येईल का? येत असेल आणि तरी तुम्ही राहताय तर तो तुमचा स्वभाव आहे, तुमची निवड आहे, कोणाला त्याचं उत्तर द्यायची गरज नाही. पण दुसरीकडे कोणी घेणार नाही या भीतीने राहिला असाल आणि त्याला निष्ठा म्हणत असाल तर तेवढं स्वतःशी कबूल करा. माझ्या अनुभवात इमानदार म्हणून ज्यांचे सत्कार झाले त्यातले बरेच जण घाबरलेले होते, आणि मालकांना ते पक्कं माहीत होतं. तुमच्या पत्रात भीती दिसत नाही. दिसते ती थोडी काळजी, मालकाच्या मुलाला छापखान्यात रस नाही ही. मग मालक धडधाकट असतानाच तुमची ग्रॅच्युइटी आणि जे काय देणं आहे ते लेखी करून घ्या. ते आवडतात म्हणूनच आत्ता मागा, नंतर त्या मुलाकडे मागायला तुम्हालाच अवघड होईल.

प्रश्न: प्रायव्हेटमध्ये आहे पण गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा देतोय. मॅनेजरला कळलं तर म्हणाला "तुझं मन इथे नाहीच, मग इन्क्रिमेंट कशाला?" हे बरोबर आहे का?
— उमेदवार, सत्तरी

उत्तर: मन कुठे आहे त्याचा पगार नसतो, काम कुठे आहे त्याचा असतो. परीक्षा देणं ही बेइमानी नाही. गोव्यात सरकारी नोकरीची आस नसलेलं घर शोधावं लागेल, तुझ्या मॅनेजरच्या घरीही कोणी ना कोणी फॉर्म भरत असणार. रजा टाकून परीक्षेला जा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अभ्यास करू नकोस, आणि ऑफिसात कोणाला सांगत बसू नकोस, तुझी खरी चूक ती. आणि कोणी "आतून करून देतो, इतके लाख" म्हणत आलं तर २०२४ च्या शेवटी गोव्यात नोकरीसाठी पैसे घेतल्याची जी प्रकरणं एकामागून एक बाहेर आली ती आठव.

प्रश्न: आमच्या बॉसला रोज सकाळी ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि त्यांच्या प्रत्येक फोटोला हार्ट लागतो. न दिल्यास "तुम्ही फॅमिलीत मिसळत नाही." काय करू?
— फोंडा

उत्तर: हार्ट द्या. फुकट आहे. रविवारी फुकट कामाला बोलावलं तर मला परत लिहा.

प्रश्न: ताई, जुलैत राजीनामा द्यायचा विचार आहे, पण आमच्याकडे बोनस चवथीच्या आधी मिळतो. आधी सोडलं तर बोनस बुडेल का? पगार १८ हजार, कंपनीत ६० जण. सगळे म्हणतात चवथ झाल्यावर सोड, बोनस घेऊन सोडणं बरं दिसत नाही असंही तेच म्हणतात.
— कुंडई

उत्तर: बुडत नाही. बोनस हा मागच्या हिशोबी वर्षाचा असतो, त्या वर्षात तुम्ही ३० दिवस काम केलं असेल आणि पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर तो तुमचाच, देताना तुम्ही नोकरीवर आहात की नाही याने फरक पडत नाही. किमान ८.३३ टक्के. फसवणूक, मारामारी, चोरी अशा कारणाने काढून टाकलं तरच जातो. यंदाच्या एप्रिलपासून जुलैपर्यंतचे तुमचे दिवस भरले असतील तर त्याचाही पुढच्या वर्षी हिशोब होतो, तो मागायला लोक विसरतात. चवथीआधी देणं हा तुमच्या कंपनीचा रिवाज आहे, चांगला आहे, पण कायद्याने वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांची मुदत असते, म्हणजे मार्चला वर्ष संपत असेल तर नोव्हेंबरअखेर. म्हणून चवथीला इतरांना मिळाला आणि तुम्हाला नाही मिळाला तर लगेच भांडायला जाऊ नका, एक अर्ज टाका आणि डिसेंबर उजाडला की मग जा.

आणि बोनस घेऊन सोडणं बरं दिसत नाही, हे कसलं? तो गेल्या वर्षीच्या कामाचा आहे, यंदाच्या आशीर्वादाचा नाही. राजीनामा लेखी द्या, तारीख टाका, बँक खातं तेच ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही आणि शिक्का दोन्ही.